आमदाराची सीट

एसटीच्या जुन्या लाल डब्यात खिडक्यांच्या वर, पत्र्यावर रंगवलेली अक्षरं असायची. कुठे ‘स्त्रिया’, कुठे ‘अपंग’, कुठे ‘पत्रकार’. आणि पुढच्या एखाद्या बाकाच्या वर, बहुतेक वेळा निम्मी पुसलेली, ‘विधानसभा सदस्य’.

मी तिसरी-चौथीत असेन. पंढरपूरहून सांगोल्याकडे, मामाच्या गावाला निघालो होतो. सुट्टीचे दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. आईनं मला रेटून त्या बाकावर बसवलं. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि वरच्या अक्षरांकडे बोट करून म्हणाला, “बस की. पर आमदार आलं तर उठायचं, हां!” आजूबाजूची माणसं हसली. मी मात्र घाबरलो. पुढच्या प्रत्येक थांब्यावर दाराकडे डोळे लावून बसलो. टोपलीवाल्या बायका चढल्या, एक म्हातारा करडू घेऊन चढला. आमदार काही आला नाही.

घरी पोचल्यावर आईनं ही गंमत सांगितली. सगळे हसले, मामा हसला नाही. कडबा रचता रचता एवढंच म्हणाला, “हसताय काय? आमचं आबा येत्यात की एष्टीनं.”

आबा म्हणजे गणपतराव देशमुख. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती, तेव्हा १९६२ मध्ये ते शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. २०१४ मध्ये गणपतराव शेवटचे निवडून आले, तेव्हा त्या खुर्चीवर देवेंद्र फडणवीस बसले. मध्ये १९७२ ला आणि १९९५ ला हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत आणि १९९९ ला परत आले. मतदारसंघ एक, पक्ष एक, विजय अकरा. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते.

त्या आठवड्यात ज्याला त्याला एसटी आठवली. मीही लिहिलं होतं. परवा जुनी कात्रणं चाळताना तो मजकूर हाती लागला आणि वाचून ओशाळलो. साधी राहणी, स्वच्छ हात, एसटीचा प्रवास यांवर भरभरून परिच्छेद, आणि सभागृहातल्या कामावर एक वाक्य; तेही ‘अभ्यासू आमदार’ एवढ्यावर उरकलेलं. आमदाराच्या साधेपणाचं कौतुक करायला फार काही लागत नाही. त्याच्या कामाचा हिशेब मांडायचा तर आधी आमदाराचं काम काय असतं, हे माहीत असावं लागतं. मला ते तेव्हा धड माहीत नव्हतं, हे आज कबूल करतो.

हिशेब असा. पन्नासहून जास्त वर्षांच्या आमदारकीत गणपतराव दोनदा मंत्री झाले. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात; ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. मग १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. २००२ मध्ये शेकापनं पाठिंबा काढला आणि तेही पद गेलं. दोन्ही मिळून पाच वर्षंही भरत नाहीत. त्याआधी १९७७-७८ मध्ये काही महिने ते विरोधी पक्षनेते होते. बाकीचा जवळपास सगळा काळ विरोधी बाकावरचा एक सदस्य. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले, म्हणजे विक्रमाच्या मोजणीत ते पुढेच. पण मणींनी तेरा अर्थसंकल्पही मांडले. तिजोरीच्या जवळ राहून मतदारसंघ राखणं आणि तिजोरीपासून लांब राहून राखणं यांत फरक आहे.

विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात असतं काय? फाइल नसते, बदली नसते, ठेका नसतो. तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा असतो. ऐकायला हे कागदी वाटतं. पण एक तारांकित प्रश्न स्वीकारला गेला की काय होतं ते बघा. मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं. म्हणून मंत्रालयातला कक्ष अधिकारी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहिती मागतो, तिथून तहसीलदाराला विचारणा जाते, तहसीलदार तलाठ्याला पिटाळतो. वर्षभर धूळ खात पडलेलं प्रकरण नागपूरच्या अधिवेशनाआधी आठ दिवसांत उघडतं. मंत्र्यानं सभागृहात आश्वासन दिलं, तर ते पाळलं का हे बघायला आश्वासन समिती असते. पण ही सगळी औजारं ज्याच्या हाताला सवय आहे त्याच्याच हातात चालतात. आणि ती सवय लागते ती एकाच गोष्टीनं: बसून राहिल्यानं.

पत्रकार गॅलरीत जायला लागलो तेव्हा मला पहिला धक्का बसला तो रिकाम्या बाकांचा. सकाळी प्रश्नोत्तरांना गर्दी. दुपारनंतर खात्यांच्या मागण्यांवरची चर्चा सुरू झाली की सभागृह ओसरत जातं. २८८ जणांच्या सभागृहात गणपूर्तीला २९ माणसं पुरतात, तरीही कधी कधी घंटा वाजवून माणसं गोळा करावी लागतात. राज्याचा पैसा कुठे जाणार हे ज्या तासांत बोललं जातं, ते तास बहुतेकांना कंटाळवाणे वाटतात. लॉबीत, कँटीनमध्ये, मंत्र्यांच्या दालनांबाहेर मात्र वर्दळ असते. गणपतरावांना ओळखणारे पत्रकार आणि अधिकारी, कुठल्याही पक्षाकडे झुकलेले असोत, एक गोष्ट एकमुखानं सांगत: हा माणूस सभागृहात बसायचा.

आपल्या भाषेत बैठक हा शब्द तालमीत आहे, गाण्यात आहे, गावकीतही आहे. पैलवानाच्या मांडीत ती असावी लागते, गवयाच्या गळ्यात असावी लागते. पंचांच्या चावडीवर तर कामालाच बैठक म्हणतात. आमदारालाही ती लागते, हे मला गणपतरावांची कारकीर्द नीट मांडून पाहिल्यावर कळलं. सभागृहातली एक बैठक, तालुक्यात माणसांचं ऐकत बसण्याची दुसरी, आणि ह्या दोन्हींच्या मधली एसटीतली तिसरी. पहिल्या दोन नसत्या, तर तिसरीचं कौतुक म्हणजे नुसती चित्रातली गोष्ट झाली असती.

आता सांगोला. माणदेशातला हा तालुका. माण नदी नकाशावर निळी दिसते, पण वर्षातला बराच काळ ती वाळूची असते. ज्वारी, बाजरी, शेळ्यामेंढ्या आणि पावसाची वाट. इथल्या राजकारणात पाणी सोडून दुसरा विषय निघाला तरी तो फिरून पाण्यावरच येतो. कृष्णेचं पाणी उचलून ह्या पठारावर आणायचं, ही मागणी घेऊन क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी केली, आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या. गणपतराव त्या लढ्यात शेवटपर्यंत होते. कराड तालुक्यातल्या टेंभूहून टप्प्याटप्प्यानं पाणी चढवत आणायची योजना १९९६ मध्ये सुरू झाली. म्हैसाळची योजना, नीरेचा उजवा कालवा, ह्या सगळ्यांच्या शेपटाला सांगोला. आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारा, पाणी येतं म्हणजे किती येतं आणि कधी येतं. वरच्या गावांचं भागल्यावर, वीजबिलाचा घोळ मिटल्यावर, आवर्तन लांबलं नाही तर.

ह्याच कोरड्या मातीत लोकांनी ठिबकवर आणि शेततळ्यांवर डाळिंब काढलं. सांगोल्याचा ‘भगवा’ परदेशात गेला. पुढे तेल्या आणि मर रोगांनी बागाच्या बागा काढून टाकायची वेळ आणली, ती गोष्ट वेगळी. कापसाचा पट्टा नसलेल्या ह्या तालुक्यात गणपतरावांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. राज्यात एकामागून एक सहकारी सूतगिरण्यांना टाळी लागत असताना ती चालवून दाखवली. महिलांची वेगळी सूतगिरणीही काढली. सहकाराच्या नावानं जिल्ह्याजिल्ह्यांत जे झालं ते आपण पाहिलेलं आहे. त्या पार्श्वभूमीवर भोंगा वेळेवर वाजतो आणि पगार वेळेवर होतो, एवढीसुद्धा मोठी गोष्ट ठरते.

इथे एक प्रश्न येतो आणि तो टाळणं बरं नाही. हा माणूस सत्तेत गेला असता तर पाणी लवकर आलं नसतं का? शेकापमधून काँग्रेसमध्ये जाणाऱ्यांची वाट तर जुनीच होती. पक्ष काढणाऱ्या केशवराव जेध्यांपासूनच ती सुरू झाली. पुढे यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणात कितीतरी मातब्बर मंडळी मिळवली गेली. गणपतराव त्या बेरजेत आले नाहीत. सांगोल्यात आजही काही जण पारावर म्हणतात, “आबा लई चांगलं, पर सत्तेत असतं तर तालुक्याचं भलं झालं असतं.” आज पक्ष बदलणारा प्रत्येक आमदार नेमकं हेच सांगतो: मतदारसंघाच्या कामांसाठी गेलो.

मी ह्या युक्तिवादाचा बराच विचार केला. मग शेजारचे तालुके पाहिले. जत पाहा, मंगळवेढ्याची कोरडी गावं पाहा, आटपाडी पाहा. त्यांनी वर्षानुवर्षं सत्ताधारी पक्षाचे आमदार पाठवले. कृष्णेच्या पाण्यासाठी त्यांनीही तेवढीच वाट पाहिली, त्यांच्याही दोन पिढ्या टँकरमागे धावल्या. पाणी अडलं होतं ते खोऱ्यांच्या वाटपात, पैशाच्या तरतुदीत आणि नदीकाठच्या ऊसवाल्यांच्या ताकदीत. सत्तेतल्या एका आमदारानं ते सुटलं असतं, तर शेजारी केव्हाच सुटलं असतं.

म्हणजे सांगोल्यानं त्यांची पूजाच केली असं नाही. आपल्याकडे निवडणुकीत पाडण्याला ‘घरी बसवणं’ म्हणतात. सांगोल्यानं आबांना दोनदा घरी बसवलं. १९९५ ला तर फक्त १९२ मतांनी, काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून. एका मोठ्या वस्तीएवढी मतं. त्या वेळी ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्या वयात आणि तेवढ्या फरकानं पडलेला माणूस एक तर कोर्टात जातो किंवा दुखावून घरात बसतो. ते साडेचार वर्षं तालुक्यात फिरत राहिले आणि १९९९ ला परत आले.

माझी तक्रार आहे ती दुसरीकडे. एवढी वर्षं ज्यानं पक्ष सोडला नाही, त्याच्याभोवती पक्ष आटत गेला. एकेकाळी राज्याचा मुख्य विरोधी पक्ष असलेला शेकाप शेवटी रायगडचा काही भाग आणि सांगोला एवढाच उरला. २०१९ मध्ये वयामुळे गणपतरावांनी थांबायचं ठरवलं, तेव्हा उमेदवारी गेली नातवाकडे, आणि तो ७६८ मतांनी पडला. जिंकले पुन्हा शहाजीबापूच, ह्या वेळी शिवसेनेकडून. २०२४ ला दुसऱ्या नातवानं, डॉ. बाबासाहेब देशमुखांनी, जागा परत मिळवली. आज सभागृहात ते शेकापचे एकटे आमदार. नातवांच्या लायकीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या पक्षाला एवढ्या वर्षांत घराबाहेरचा वारस घडवता आला नाही. ती बैठक एकट्याची राहिली, पक्षाची झाली नाही.

मधल्या काळात सांगोल्याचं नाव राज्यभर गाजलं ते २०२२ च्या जूनमध्ये, गुवाहाटीच्या हॉटेलातून शहाजीबापूंनी फोनवर मारलेल्या गप्पांमुळे. ते बोलणं पोरासोरांच्या तोंडी बसलं, त्यावर गाणी झाली, लोक खो खो हसले. मीही हसलो. नंतर लक्षात आलं, की ज्या मतदारसंघाच्या आमदारानं पन्नास वर्षं विधानसभेत बोलून काढली, त्यातलं एक वाक्यसुद्धा मला पाठ नाही.

गेल्या महिन्यात त्याच रस्त्यानं पुन्हा एसटीनं गेलो. गाडी नवी होती, अक्षरंही नवी होती. बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास झाल्यापासून गाड्यांमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांची गर्दी वाढली आहे. आमदाराच्या सीटवर एक आजी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत दवाखान्याची फाइल. मी जुनी गंमत आठवून वरच्या अक्षरांकडे बोट केलं आणि म्हणालो, “आजी, ही आमदाराची जागा हाय बरं का.”

आजींनी वर पाहिलं. अक्षरं काही त्यांना लागली नसावीत. मग माझ्याकडे पाहून अगदी काळजीनं विचारलं, “व्हय? मग त्यो कुठं बसलाय?”