पानाला परवाना, फुलाला तुरुंग

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सराफ्यात, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी, पेढीवर गांजाला मोकळीक द्यावी का हा विषय निघाला की दोन बाजू लगेच पडतात. एक म्हणते, "दारू चालते, तंबाखू चालते, मग गांजानेच काय घोडं मारलंय?" दुसरी म्हणते, "दोन भुतं मानगुटीवर आहेतच, तिसरं कशाला?"

पहिली बाजू माझी समजली जाते, म्हणून आधी तिचाच समाचार घेतो. दारूला मुभा आहे, एवढ्याने गांजा निर्दोष ठरत नाही. 'वनस्पतीच तर आहे' हेही लंगडेच. तंबाखू काय कारखान्यात उगवते? आणि 'शंकराला प्रिय' म्हणणाऱ्यांनी धोतराही शंकरालाच वाहतात हे आठवावे, त्याची भाजी कोणी करत नाही. कोवळ्या वयात नियमित गांजा ओढला तर स्मरणशक्ती ढासळते, काहींना चित्तभ्रमही होतो. शिवाय परवाना दिला की काळा बाजार आपोआप मिटतो, असेही नाही. इथून जवळच, मुरैना जिल्ह्यात, सरकारी ठेके सुरू असतानाच जानेवारी 2021 मध्ये विषारी दारूने वीसहून अधिक माणसे गेली.

आता दुसरी बाजू. हे 'तिसरे भूत' कधीचेच घरात आहे. 2019 च्या सरकारी पाहणीत दारू पिणारे सुमारे 16 कोटी निघाले, तर भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे 3 कोटी. त्यांतले निम्म्याहून अधिक भांगवाले. भांग त्याच झाडाच्या पानांची. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत पान बसत नाही, म्हणून मध्य प्रदेशात आबकारी खाते तिचे ठेके देते. फुलोरा मात्र गांजा ठरतो. किलोपर्यंत बाळगला तरी वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही. सार्वजनिक ठिकाणी बिडी ओढणाऱ्याची सुटका दोनशे रुपयांत होते. आणि तंबाखूने देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मरतात. तेव्हा शिक्षेचे माप घातकतेवरून ठरते, हा दावा टिकत नाही.

बंदीवाल्यांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे: मोकळीक दिली की वापर वाढेल. थायलंडने 2022 मध्ये दार सताड उघडले आणि 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. पण तिथे आधी दुकाने निघाली आणि नियम मागून आले. उलट नुसत्या बंदीचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 2012 मध्ये गुटखाबंदी सर्वांत आधी मध्य प्रदेशाने केली. आज पानटपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी शेजारीशेजारी लटकतात. गिऱ्हाईक घरचा गुटखा तळहातावर कालवते. जाहिरातीत नट त्याच छापाचा वेलदोडा चघळतो.

मग करायचे काय? उत्तर मुरारमध्ये आहे. देशाचे नार्कोटिक्स आयुक्त ग्वाल्हेरच्या याच भागात बसतात. अफू गांजापेक्षा कितीतरी घातक, तरी एके काळच्या शिंदेशाहीतल्या मंदसौर-नीमचच्या शेतांत ती आजही परवान्याने पिकते आणि सरकार मोजून विकत घेते. गळती होते, तस्करीही होते. म्हणून ही व्यवस्थाच मोडा, असे कोणी म्हणत नाही. औषधासाठीची शेती वेगळी आणि नशेची विक्री वेगळी, हे मान्य. पण 'सरकारला जमणारच नाही' एवढे तरी म्हणू नये. 1893 मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने 1,193 साक्षी तपासून सरसकट बंदी अनावश्यक ठरवली आणि कर व परवाना सुचवला. आजचा गांजा तेव्हापेक्षा जहाल असू शकतो, म्हणून त्या अहवालाला मी वेदवाक्य मानत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्याला तुरुंग नको, बिडीवाल्यासारखा दंड पुरे. व्यसन जडले असेल तर उपचार. विक्री द्यायचीच तर भांगेच्या ठेक्याच्या धर्तीवर द्यावी: मोजके परवाने, वयाची कडक अट, ना कंपनी, ना रंगीत पुडी, ना जाहिरात. आणि हीच शेवटची अट तंबाखू-दारूलाही लावावी, वेलदोड्याचा आडपडदा फाडून. तिसऱ्या भुताची काळजी करणारे या मागणीवर सही करतील, अशी माझी अपेक्षा आहे. दारूच्या महसुलावर चालणारी सरकारे करतील का, याची मात्र शंका आहे.