बेण्यालाही नाव हवे



पुण्यात पोचा या पारशी घराण्याचा बियाण्याचा व्यवसाय १८८४ साली सुरू झाला, म्हणजे आपल्या पणज्याच्या काळात. मराठवाड्यात जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ केला आणि १९६४ साली ‘महिको’ ही कंपनी काढली. हजारो लहान शेतकऱ्यांच्या रानात त्यांनी बीजोत्पादन करून घेतले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१७ साली ते गेले. त्यांच्या मुलाबाळांनीही हाच धंदा केला.

अशा घराण्यांची खरी कमाई कोणती? माझ्या मते पिशवीवरचे नाव. बी उगवले नाही, तर शेतकरी दुसऱ्या वर्षी त्या दुकानाची पायरी चढत नाही. कुणाला जाब विचारायचा हे त्याला ठाऊक असते.

आता आपल्या उसाकडे बघा. बेण्याला ना पिशवी, ना नाव. मी स्वतः एकदा वाहतूक वाचते म्हणून पाव्हण्याच्या खोडव्यातले बेणे आणून लावले. पुढे बेटाबेटातून काणीचे काळे चाबूक निघाले. पाव्हण्याला काय बोलणार? चूक माझीच होती.

पाडेगावचे संशोधन केंद्र १९३२ पासून उसावर काम करते आहे. को ८६०३२ सारखे वाण हाताशी आहेत. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी, बेणेमळ्यातले असावे, खोडव्याचे नसावे, तीन वर्षांनी बदलावे, हे आपण सगळे जाणतो. तरी ऐन लागणीला शेजाऱ्याच्या बांधावरच जातो!

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक बेणेमळ्यावर मालकाचे नाव, वाण, लागणीची तारीख आणि मूळ बेणे कुठले, याची पाटी असावी. शेतकी खात्याने मळा पाहून सही करावी. बेणे कुणी कुणाला दिले, याची गट कार्यालयात नोंद राहावी. रोग दिसला तर त्या मळ्याचे बेणे देऊ नये, मग तो मळा संचालकाचा का असेना.

आमच्या कुरुळीत आता उसापेक्षा कारखान्यांच्या शेडच जास्त दिसतात. रान वाढायचे नाही. उरलेल्या गुंठ्यांत टनेज काढायचे, तर सुरुवात बेण्यापासूनच केली पाहिजे. वार्षिक सभेत याचा विचार व्हावा, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद, कुरुळी