माझ्या फोनचा दाखला देऊ नका

लातूरला एका वलीम्यात जेवायला बसलो होतो. खिशातला फोन वाजला. काढला, बोललो, परत ठेवला. समोरचे एक बुजुर्ग शेजारच्याला म्हणाले, "देखो, इत्ते पढ़े-लिखे हैं, फिर बी फोन कित्ता सादा रखे." मग फोन हातोहात फिरला. एका गृहस्थांनी तर जाहीर केलं, की आता घरी जाऊन बारावीतल्या मुलीला हेच उदाहरण देणार.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, बिर्याणी खात राहिलो. म्हणून आज लिहितोय.

आधी फोनविषयी. नोकिया ६८२०, २००४ च्या सुमाराचा. बंद असताना साधा बारा बटणांचा दिसतो. पण बटणांची पाटी पुस्तकाच्या पानासारखी उलगडली की स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना पूर्ण कीबोर्ड समोर येतो, कॉम्प्युटरला असतो तसा. दोन्ही अंगठ्यांनी झरझर लिहिता येतं. एका मित्राच्या कपाटात पडून होता. बॅटरी बीएल-५सी; ती आजही कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. माझ्या सेटवर देवनागरी नाही, त्यामुळे मराठी रोमन अक्षरांत लिहावी लागते. फज्रनंतरचा तास माझा राहतो, चार पानं वाचून होतात. हा फोन मला मनापासून आवडतो, हे लपवत नाही.

आता वलीम्यात कुणी विचारलं नाही ते सांगतो. माझं बँकेचं खातं, विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, मुलाच्या शाळेचा ग्रुप हे सगळं आमच्या घरात एका स्मार्टफोनवर चालतं. तो बायकोचा आहे. ओटीपी माझ्या फोनवर येतो, मी आकडे मोठ्याने वाचतो, ती टाकते. हा लेखसुद्धा टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टाइप होतोय. माझा साधेपणा बायकोच्या कामावर उभा आहे. मला हवं तेव्हा मी उद्या दुकानात जाऊन स्मार्टफोन घेऊ शकतो, कुणाची परवानगी लागत नाही. ज्या मुलीला माझं उदाहरण दिलं जाणार आहे, तिला हे करता येतं का?

माझ्या बहिणीची मुलगी नांदेडची. नीटच्या तयारीसाठी एक वर्ष लातूरला राहिली. तिथल्या ट्यूशन एरियात अनेक वसतिगृहांत स्मार्टफोन चालत नाही, किपॅड फोनच लागतो. हे मुलांनाही लागू आणि मुलींनाही. त्यावर माझी तक्रार नाही. परीक्षेपुरता नियम आहे, तो कशासाठी आहे हे मुलांना माहीत असतं, आणि परीक्षा झाली की संपतो. तिच्या भावानेही आदल्या वर्षी तेच केलं होतं. परीक्षा झाली, त्याला त्याच आठवड्यात नवा स्मार्टफोन मिळाला. हिची परीक्षा झाली आणि हिच्या हातात तोच डबडा राहिला. का, म्हणून विचारलं तर बहीण म्हणाली, "तुझे मामू बी तो वइच वापरते."

नीटमध्ये जमलं नाही, सीईटीत गुण चांगले पडले. बी. फार्मसीच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा असतो. लॉगिन भावाच्या नंबरवर, ओटीपी त्याच्या फोनवर. त्याने मित्राच्या दुकानात बसून अर्ज भरला. त्यात फक्त नांदेडची कॉलेजं टाकली. हिला औरंगाबादचं सरकारी फार्मसी कॉलेज पहिलं हवं होतं. ते यादीत नाही हे तिला प्रिंटआउट हातात आल्यावर कळलं, आणि तोवर सीट लागून गेली होती. घरात कुणी तिच्यावर ओरडलं नाही, कुणी शिक्षण बंद केलं नाही. सगळे म्हणाले, जवळच मिळालं ना, अल्लाहचा शुक्र कर.

अशा वेळी फितन्याचा मुद्दा निघतो. मुली बिघडतात, फसवल्या जातात, व्हिडिओ बनतात. ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आजच्या महाराष्ट्रात तर मुळीच नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून काय पेटलं ते आपण पाहिलं. पण ते स्टेटस ठेवणारे पोरगेच होते ना? त्यानंतर आपल्या मोहल्ल्यांत किती मुलांचे फोन काढून घेतले? आगीत हात घालतो मुलगा आणि पाण्याची घागर काढून घेतो आपण मुलीची.

ही युक्ती जुनी आहे. आपल्याकडे शरीफ घराण्यांत मुलीला कुराण वाचायला शिकवत, लिहायला नाही. लिहायला आलं तर पत्र लिहील, ही धास्ती. मौलाना अशरफ अली थानवी काही सुधारक नव्हते. तरी त्यांच्या 'बहिश्ती जेवर'च्या पहिल्याच भागात मुळाक्षरं आहेत आणि पत्र कसं लिहावं त्याचे नमुने आहेत. हे पुस्तक आपण मुलीला लग्नात देतो. बहुधा उघडून बघत नाही. आणि सूरह अलकच्या पहिल्या आयतींत कलमचा उल्लेख आहे, हे मी या ब्लॉगच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

आजचं कलम कीबोर्ड आहे. बारा बटणांच्या फोनवर मुलगी 'हो अम्मी, पोचले' एवढं सांगू शकते. अर्ज भरू शकत नाही, तक्रार लिहू शकत नाही, पसंतीक्रम लावू शकत नाही. माझा फोन जुना असला तरी त्यात सगळी अक्षरं आहेत, आणि नसती तरी घरात कॉम्प्युटर आहे.

सरकारनेही यात भर घातली आहे. लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांसाठी २०२५ मध्ये ई-केवायसी आली. एक ओटीपी तिचा आणि एक नवऱ्याचा किंवा बापाचा. घरातली चावी कुणाच्या खिशात आहे हे वेबसाइटनेही मान्य केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं, की देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. म्हणजे हे दुखणं एकट्या मुसलमानांचं नाही. पण माझ्या बहिणीच्या घरात काय चाललंय ते मला माहीत आहे, म्हणून मी आपल्याविषयी बोलतो.

केरळात कोझिकोडजवळच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींनी संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायचा नाही असा नियम होता. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढलं, ती हायकोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टाने तिला परत घ्यायला सांगितलं. इंटरनेट हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं. आपल्याच समाजातली मुलगी. तिचं नाव एकाही वलीम्यात, एकाही जलशात मी ऐकलं नाही. माझ्या डबड्या फोनचं मात्र कौतुक होतं.

परवा भाचीने तिच्या फोनवरून मला मेसेज केला. तीन-तीनदा बटण दाबून लिहिलेला, मोजून एका ओळीचा: मामू, माझा फॉर्म मीच भरला असता.

दुल्हाभाई हा ब्लॉग वाचतात, म्हणून त्यांच्यासाठीच लिहितो. आता महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. त्यात मोबाइल नंबरचा रकाना आहे. त्यात तिचा नंबर टाका, आणि तो नंबर चालेल असा फोन तिच्या हातात द्या. पैसे कमी पडत असतील तर अर्धे माझ्याकडून घ्या. माझा फोन दाखवायचाच असेल, तर तिच्या भावाला दाखवा.