विश्लेषण : शाकाहारी घरातल्या मांजराने दूधभातावरच राहावे का?

कृष्णाकाठच्या वाईसारख्या गावात घराचा आहार ही नुसती चवीची बाब नसते. कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कुणाकडे चातुर्मास पाळला जातो. पुढे सांगलीकडे अनेक जैन कुटुंबांत अंडेही उंबरा ओलांडत नाही. अशा घरात कुत्रा किंवा मांजर आले की तेही आपसूक शाकाहारी होते. आता धार्मिक कारण नसलेले, पण प्राण्यांवरील हिंसेला विरोध म्हणून वीगन झालेले तरुणही त्याच पेचात आहेत. माणसाने घेतलेले व्रत पाळीव प्राण्याने पाळावे का?

पूर्वी हा प्रश्न का पडत नव्हता?

कुत्र्याला भाकरी घालणे ही आपल्याकडची जुनी रीत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घरोघरी सांगितली जाते. सांगली जिल्ह्यातल्या औदुंबरला जाणाऱ्या भाविकाला दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे ठाऊक असतात. मात्र गावातला कुत्रा केवळ भाकरीवर कधीच जगत नव्हता. तो मोकळा फिरे आणि मिळेल ते खाई. वाड्यातले मांजर दूधभात खाऊन माळ्यावर उंदीर मारत असे. म्हणजे घर शाकाहारी होते, मांजर नव्हते. आज तेच मांजर फ्लॅटच्या बंद दाराआड राहते. ताटलीत पडेल तेवढेच त्याचे अन्न. त्यामुळे निवड आता पूर्णपणे मालकाच्या हातात आली आहे.

कुत्रा आणि मांजर यांच्यात फरक काय?

कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढला. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. भाकरी-भात तो पचवू शकतो. मांजराचे तसे नाही. वाईतून संपादित होणाऱ्या मराठी विश्वकोशातही मांजराची जागा वाघ-सिंहांच्या फेलिडी कुलात आहे. मांजराच्या शरीरात टॉरीन हा घटक पुरेसा तयार होत नाही. गाजरातल्या कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवणे त्याला जमत नाही. ॲराकिडोनिक आम्लही त्याला प्राणिज अन्नातूनच मिळवावे लागते.

टॉरीन न मिळाल्यास काय होते?

डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी टॉरीनची कमतरता आणि मांजरांचा हृदयविकार यांचा संबंध ‘सायन्स’मध्ये मांडला. त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यातले टॉरीन वाढवले. वेळीच टॉरीन दिल्यास हृदय बरेचसे सावरते, पण गेलेली दृष्टी परत येत नाही. दूध आणि अंड्यात टॉरीन फारच थोडे असते. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. शिवाय हे नुकसान काही महिन्यांनी दिसते. तोवर मांजर ठणठणीत वाटते आणि ‘आमचे मांजर तर दूधभातावरच वाढले’ हा समज पक्का होत जातो.

परदेशात वीगन खाद्य चालते ना?

टॉरीन कारखान्यात तयार करता येते आणि असे कृत्रिम टॉरीन घातलेले वनस्पतिजन्य खाद्य काही देशांत विकले जाते. २०२२ मध्ये २,५३६ कुत्र्यांच्या आणि २०२३ मध्ये १,३६९ मांजरांच्या मालकांच्या पाहणीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाले. वीगन खाद्यावरच्या प्राण्यांची प्रकृती त्यात वाईट आढळली नाही. पण ही माहिती मालकांनीच दिलेली होती. ब्रिटनच्या पशुवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये कुत्र्यांच्या काटेकोर, पोषणदृष्ट्या पूर्ण शाकाहाराला असलेला विरोध सोडला. मांजराबाबत मात्र सवलत दिली नाही. आणि आपल्याकडचा वाद बहुतेकदा अशा तयार खाद्याचा नसतोच, तो घरच्या वरणभाताचा असतो.

गाईला एक न्याय, मांजराला दुसरा?

२०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापार चर्चा सुरू असताना ‘मांसाहारी दूध’ हा शब्द गाजला. मांस, रक्त किंवा प्राण्यांचे अवयव मिसळलेला चारा खाल्लेल्या गाईंचे दूध नको, ही भारताची अट. गाय गवत खाणारी आहे, तिच्या देहाविरुद्ध तिला खाऊ घालू नये, हे आपल्याला चटकन पटते. मग मांजराच्या देहाविरुद्ध त्याला खाऊ घालणे कसे पटते? अहिंसेचे व्रत घेणारा माणूस ते समजून, स्वेच्छेने घेतो. मांजराने ते घेतलेले नसते. ज्याला दार उघडून बाहेर पडता येत नाही, त्याच्यावर लादलेला आहार ही अहिंसा म्हणता येणार नाही.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, मालकाने पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये. त्यामुळे खरी जबाबदारी घरावरच येते.

शाकाहारी घराने काय करावे?

कुत्रा असेल तर शाकाहार शक्य आहे, पण नुसत्या दूधभाकरीवर नव्हे. पोषणदृष्ट्या पूर्ण असलेले शाकाहारी कोरडे खाद्य बाजारात मिळते. घरी शिजवायचे असेल तर पशुवैद्यकाकडून प्रमाण ठरवून घ्यावे. कांदा-लसणाची फोडणी आणि शिऱ्यातले बेदाणे टाळावेत. सांगलीचा बेदाणा माणसाला कितीही गोड लागला, तरी तो कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो.

मांजर आधीच घरात असेल तर टॉरीनयुक्त तयार खाद्य हा मधला मार्ग आहे. ते शिजवावे लागत नाही, डबा आणि ताटली गॅलरीत वेगळी ठेवता येते. एकादशीचा उपवासही मांजराला नको. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर त्याच्या यकृतावर ताण येतो, लठ्ठ मांजराच्या तर अधिकच.

एवढेही मनाला पटत नसेल तर मांजर आणूच नये. गवत-पाल्यावर जगणारा ससा पाळता येतो. आपला देशी पोपट मात्र नको, त्याला पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. व्रत मोडायचे नसेल तर ते मोडावे न लागणारा प्राणी निवडणे आपल्या हातात आहे. मांजर घरी आणून त्याने ससा व्हावे, ही अपेक्षा ठेवू नये.