जोड कुणाच्या मालकीचा?

गेल्या रविवारी मरोळला एका जुन्या विद्यार्थ्याच्या स्टुडिओवर चहाला गेलो होतो. स्टुडिओ म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. खिडक्यांना काळा कागद, टेबलावर पांढरी ॲक्रिलिकची शीट आणि तिच्यावर एकच अंगठी. सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांसाठी तो कॅटलॉगचे फोटो काढतो. त्याचा एक फोटोग्राफर मित्रही तिथे होता. नवा कॅमेरा घ्यायचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "सर, बंद सिस्टीमच बरी. सगळं एकाच कंपनीचं. डोक्याला ताप नाही."

पाहुणा होतो म्हणून गप्प बसलो. आता बोलतो.

ज्यांचा कॅमेरा फोनमध्येच आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. नेहमीच्या व्यावसायिक कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २४ बाय ३६ मिलिमीटरचा असतो. मीडियम फॉरमॅटचा त्याहून मोठा, ३३ बाय ४४ किंवा आणखी मोठा. हिऱ्याच्या पैलूची कड पोस्टरएवढी मोठी केली तरी स्वच्छ दिसावी, त्यासाठी हा खर्च. या कॅमेऱ्यांची जुनी रीत तीन भागांची होती: पुढे लेन्स, मध्ये बॉडी, मागे फिल्मची डबी. हॅसलब्लाड या स्वीडिश कंपनीने १९४८ मध्ये आणलेल्या कॅमेऱ्याची डबी काढून दुसरी लावता येत असे. डिजिटलचा जमाना आला तेव्हा फिल्मच्या डबीच्या जागी सेन्सरचा 'बॅक' बसला. बॅक बनवणारे वेगळे होते: डेन्मार्कची फेज वन, इस्राएलची लीफ, स्वित्झर्लंडची सिनार. बॉडी एकाची, बॅक दुसऱ्याचा, असा संसार चालायचा. खुली सिस्टीम म्हणतात ती हीच. खुली म्हणजे फुकट नव्हे. दोन भागांमधला जोड सगळ्यांना माहीत असलेला, एवढाच तिचा अर्थ.

हॅसलब्लाडची नवी एच मालिका २००२ मध्ये आली, तीही आधी अशीच होती. २००४ मध्ये कंपनी बॅक बनवणाऱ्या इमाकॉनशी एक झाली आणि २००६ च्या एच३डी पासून दार लागलं. या कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाचा डिजिटल बॅक चालेना. कारण असं दिलं गेलं की लेन्स, बॉडी आणि सेन्सर एकमेकांना ओळखत असतील तर चित्र अधिक चांगलं येतं, लेन्सचे दोष सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येतात.

हे कारण खोटं नव्हतं. खुल्या सिस्टीमचा तापही मी नाकारत नाही. फोटोत रेघ आली की बॉडीवाला बॅककडे बोट दाखवतो, बॅकवाला बॉडीकडे. बाजारातही खुली बाजू हरली. सिनार आणि लीफ ज्या हाय६ कॅमेऱ्यावर उभे राहिले, तो बनवणारी जर्मनीतली फ्रांके अँड हायडेके २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पण दुरुस्तीसाठी कुलूप कशाला लागतं? अडोबीने २००४ मध्ये डीएनजी नावाचा रॉ फाइलचा नमुना जाहीर केला, कुणीही वापरावा असा. २००९ च्या आवृत्तीत लेन्सच्या दोषांची दुरुस्ती फाइलमध्येच लिहून ठेवायची सोय झाली. पेंटॅक्सचा २०१० चा मीडियम फॉरमॅट कॅमेरा ६४५डी थेट डीएनजी फाइल देत होता. म्हणजे लेन्सने सेन्सरशी बोलावं आणि ते बोलणं इतरांनाही समजावं, हे जमतं. न जमवणं हा व्यापाराचा निर्णय असतो. तो घ्यायचा कंपनीला हक्क आहे, फक्त त्याला तंत्राची मजबुरी म्हणू नये.

माझ्या विद्यार्थ्याचं काय झालं ते ऐका. २०११ ची दिवाळी जवळ आलेली, ऑर्डर हातात, आणि कॅमेऱ्याचा बॅक बंद पडला. कॅमेरा कोणत्या कंपनीचा ते राहू द्या. सांगितलं गेलं, पूर्ण संच परदेशी पाठवावा लागेल. दोन गाळे सोडून एका दोस्ताकडे दुसऱ्या कंपनीचा उत्तम बॅक रिकामा पडलेला होता. दोस्त द्यायला तयार, पण तो बसेचना. शेवटी उसन्या साध्या कॅमेऱ्यावर काम उरकलं, व्यापाऱ्याने पैसे कापले. हप्ता मात्र बँकेने पूर्ण घेतला. "डोक्याला ताप नाही" म्हणणाऱ्याने त्या आठवड्यातला त्याचा चेहरा पाहायला हवा होता.

कुणी म्हणेल, उर्दू-मराठीच्या मास्तरला कॅमेऱ्यातलं काय कळतं? खरं आहे. पण कुलूप मला त्याच्या आधी भेटलं. माझ्या बारा वर्षांच्या उर्दू नोट्स आणि प्रश्नपत्रिका एका सॉफ्टवेअरमध्ये सुंदर नस्तालिकमध्ये टाइप केलेल्या होत्या. कॉम्प्युटर बदलला आणि फाइली मुक्या झाल्या. मराठीचं तेच. एका फॉन्टमधला धडा दुसऱ्या मशीनवर नेला की 'शाळा'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. मजकूर माझा आणि चावी दुसऱ्याकडे. पुढे युनिकोड रुळलं आणि हा त्रास सरला. फॉन्ट बनवणारे काही उपाशी मेले नाहीत. अक्षरांचा नंबर सगळ्यांचा एक झाला, वळणावर स्पर्धा चालूच राहिली.

आज बॅकचा वाद मागे पडला. फुजीफिल्मच्या जीएफएक्समध्ये सेन्सर बॉडीतच असतो. पण कुलूप गेलं नाही, ते फाइलवर आलं. २००५ मध्ये निकॉनने एका कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमधली रंगसंतुलनाची माहिती सांकेतिक करून टाकली, तेव्हा जगभर ओरड झाली. खुलेपणाचा झेंडा घेतलेली फेज वनही धुतल्या तांदळासारखी नव्हती. तिच्या कॅप्चर वनमध्ये हॅसलब्लाडच्या फाइली वर्षानुवर्षं उघडत नव्हत्या. डेव्ह कॉफिनसारखा एक माणूस १९९७ पासून डीसीरॉ नावाचा प्रोग्राम लिहीत, एकेका कंपनीची फाइल उलगडत बसला, म्हणून कितीतरी जुनी चित्रं आज दिसतात. आपण काढलेलं चित्र पाहण्यासाठी अशा एखाद्या भल्या माणसाची वाट का पाहायची?

आणि गंमत बघा. त्याच हॅसलब्लाडने २०१९ मध्ये जाहीर केलेला सीएफव्ही टू ५०सी हा बॅक त्यांच्या १९५७ पासूनच्या बहुतेक जुन्या व्ही मालिकेच्या कॅमेऱ्यांना लागतो. फिल्मसाठी आखलेला जोड साठ वर्षांनी सेन्सरला उपयोगी पडला. माझगावच्या बाजारातून जुनी बॉडी उचलणाऱ्यालाही तो चालतो. कंपनी त्यातून पैसाच कमावते आहे, बुडालेली नाही.

परवा विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, मग घेऊ कुठला?" मी म्हटलं, मॉडेल तुझं तू ठरव. फक्त दुकानदाराकडून दोन गोष्टी लिहून घे. याची रॉ फाइल कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय कशात उघडते? आणि दुरुस्तीला गेला तर किती दिवसांत परत येतो, तोवर बदली काय मिळेल? त्याने ईमेल पाठवला. दुकानदाराचं उत्तर आलं, त्यात कॅशबॅकची ऑफर आहे आणि सोबत एक बॅग फुकट.