सही दिल्लीची, तोटा गोठ्याचा

सकाळी संकलन केंद्रावर किटली रिकामी होते, यंत्रावर फॅट आणि एसएनएफचे आकडे उमटतात आणि पावती हातात पडते. त्या पावतीवरचा दर जगाच्या बाजारातली दूध भुकटी पाडू शकते, हे महाराष्ट्राने २०१८ मध्ये सोसले आहे. जगभर भुकटीचे भाव कोसळले, निर्यात आटली, इथली गोदामे भरून राहिली. गायीच्या दुधाचा सरकारी दर लिटरला २७ रुपये, पण उत्पादकाला अनेक ठिकाणी २० रुपयेसुद्धा मिळेनात. जुलैत रस्त्यावर दूध ओतले गेले, तेव्हा कुठे २५ रुपये कबूल झाले. परदेशी भुकटीवर ६० टक्के आयातशुल्क असतानाची ही गत!

त्याच काळात ‘आरसेप’ या १६ देशांच्या व्यापार कराराची बोलणी चालू होती. त्यात न्यूझीलंड होता. तिथे एकेका कळपात सरासरी चारशेच्या वर गायी, आणि जवळजवळ सगळे दूध निर्यातीसाठी. समोर कोण? दोन-चार जनावरांवर मुलांची फी भरणारी कुटुंबे. शेतकरी संघटना आणि सहकारी दूध संघांनी आवाज उठवला आणि ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने करारातून अंग काढून घेतले. दूधवाला वाचला, कारण तो सहीच्या आधी बोलला.

केरळच्या मिरी उत्पादकाला मात्र सही रोखता आली नाही. आग्नेय आशियातल्या ‘आसियान’ देशांशी व्यापार करारावर सही झाली १३ ऑगस्ट २००९ला. त्याविरुद्ध कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत मानवी साखळी उभी राहिली २ ऑक्टोबरला, म्हणजे सहीनंतर. पुढे व्हिएतनामची मिरी श्रीलंकेचा शिक्का घेऊन, श्रीलंकेशी असलेल्या वेगळ्या करारातल्या सवलतीच्या शुल्कात येऊ लागल्याच्या तक्रारी वाढल्या. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राला किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावावी लागली. तोवर बागाईतदाराचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. आसियानशी व्यापारातली तूट २००९-१०च्या सुमारास आठ अब्ज डॉलरच्या आसपास होती. २०२२-२३ मध्ये ती ४३ अब्जांवर गेली.

करारांत कुणाचेच भले होत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने भारतीय दागिन्यांवरचे पाच टक्के शुल्क काढले, त्याचा लाभ मुंबईच्या सीप्झमधल्या निर्यातदारांना मिळतो. मिळू द्या. पण दागिन्यांच्या निर्यातीत झालेला नफा दुधाच्या पावतीवर उतरत नाही, मिरीच्या बागेतही पोचत नाही. एकाच्या फायद्याची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल, तर त्या दुसऱ्याला आधी विचारले पाहिजे.

आज तसे बंधन नाही. शेती हा राज्यांचा विषय, तरी करार करते केंद्र. त्याला संसदेची मंजुरी लागत नाही आणि मसुदा सही होईपर्यंत बंद राहतो. हे बदलायलाच हवे. मसुदा सहीपूर्वी संसदेत आणि विधानसभांत मांडा. कोणत्या पिकाला, कोणत्या धंद्याला किती झळ बसेल, ते जाहीर करा. ज्यांचे नुकसान होणार, त्यांच्या भरपाईची तरतूद करारासोबतच करा.

दूध उत्पादकहो, बागाईतदारहो, येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा, मंजूर करून घ्या, त्याची प्रत आपल्या खासदाराच्या हातात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.