शब्दांची पेढी : ‘खाणे’ इकडचे आणि तिकडचे

ईवू आणि क्वांगचौ ही नावे नाशिकच्या व्यापारी घरांत आता नवी राहिलेली नाहीत. क्वांगचौचा निर्यात मेळा १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, भरतो. खरेदीसाठी तिकडे निघालेल्या तरुणाच्या खिशात भाषांतर करणारा मोबाइल असतो. तरीही सौद्याच्या बोलण्यात आणि जेवणाच्या ताटासमोर त्याची अडचण होतेच. अशा तरुणाने शब्दांच्या लांबलचक याद्या घोकण्यापेक्षा एकच क्रियापद घट्ट धरावे, असे आम्ही सुचवू. ते क्रियापद ‘छर’, म्हणजे खाणे. हा उच्चार देवनागरीत नेमका उतरत नाही. जिभेचे टोक वर वळवून, उंच आणि सपाट सुरात ‘छ’ म्हणावे. सूर बदलला की चिनी भाषेत शब्दच बदलतो.

मराठी माणसाला हे क्रियापद परके वाटू नये. आपण मार खातो, भाव खातो, खस्ता खातो, कच खातो. आणि गुजराती बोलणाऱ्या आपल्या घरांत खोटही खाल्ली जाते. चिनी माणूसही तोटा ‘खातो’च : ‘छर ख्वे’. ‘तोटा खाणे हेच भाग्य’ या अर्थाचे चार अक्षरी वचन अठराव्या शतकातील चित्रकार चंग पानछ्याव यांच्या हस्ताक्षरामुळे प्रसिद्ध आहे आणि आजही लोक ते भिंतीवर लावतात. अर्थात, ते भिंतीवर लावणारा व्यापारी दर कमी करीलच, या भ्रमात राहू नये!

पेढीवरच्या माणसाला सर्वांत जवळचा वाटेल तो प्रयोग ‘छर लाओपन’. ‘लाओ’ म्हणजे जुने, ‘पन’ म्हणजे भांडवल. वाडवडिलांच्या मुद्दलावर जगणाऱ्यासाठी, तसेच जुन्या नावलौकिकावर विसंबून नवे काही न शिकणाऱ्यासाठी तो वापरतात. त्याच्या जोडीची म्हण ‘त्स्वो छर शान खुंग’ : बसून खाल्ले तर डोंगरही रिता होतो. खरेदी अधिकाऱ्याने परस्पर दलाली उकळली, तर तो ‘ह्वेखोउ’ खातो. इथे भाषांतराची गरजच नाही.

‘छर खू’ म्हणजे कडू खाणे, कष्ट सोसणे. हा शब्द तिकडे गौरवाने उच्चारतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच निवर्तले. त्यांच्या मुलाचे नाव ‘यिनह्वा’. त्यातील ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. कडू खाल्ले, पण सांगता येत नाही, अशीही एक अवस्था असते : ‘मुक्याने ह्वांगल्येन खाल्ले’. ह्वांगल्येन ही अतिशय कडू औषधी मुळी. आपल्याकडे यालाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात.

मत्सर करणे म्हणजे ‘छर त्सू’, शब्दशः व्हिनेगर खाणे. आख्यायिका अशी, की थांग सम्राटाने आपल्या मंत्र्याच्या पत्नीपुढे पेच टाकला : सवत स्वीकार, नाहीतर हे विष पी. बाईने प्याला रिकामा केला. त्यात व्हिनेगर होते.

एक सावधगिरी. शाकाहारी माणसाने तोफू मागावे, खुशाल खावे. परंतु ‘अमक्या बाईचे तोफू खाणे’ म्हणजे तिच्याशी लगट करणे. वाक्यात षष्ठी चुकूनही येऊ देऊ नये.

आता ताटाकडे. ‘वो छर सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. एवढ्याने भागत नाही, कारण ‘सू’मध्ये अंडे वर्ज्य असतेच असे नाही. म्हणून पुढे ‘पू छर चीतान’, अंडे खात नाही, हे जोडावे. कांदा-लसणाबाबत मात्र तिकडचा मनुष्य आपल्याला वेडा ठरवणार नाही. चिनी बौद्ध परंपरेत पाच उग्र पदार्थ वर्ज्य मानले आहेत. त्यांत लसूण आणि कांद्याच्या जाती आहेत, आणि ‘शिंगछ्यू’ही आहे. हा शब्द म्हणजे आपल्या संस्कृत ‘हिंगु’चेच चिनी रूप. आपल्या आमटीतला हिंग तिथल्या भिक्षूला चालायचा नाही!

बटाट्याचा निषेध तिथे कोणी ऐकलेला नसतो. तेव्हा ‘पू छर थूतोउ’ हे वेगळे सांगावे लागते. ‘थू’ म्हणजे माती आणि ‘तोउ’ म्हणजे कडधान्याचा दाणा. तो जमिनीखालचा आहे, हे त्यांच्या शब्दानेच सांगून ठेवले आहे.